बेगमीचा रांजण

आमच्या मारुतीच्या देवळात तुम्ही कधी कीर्तनाला बसलात, मित्रांनो, तर पखवाजाच्या खुंटीखाली तुम्हाला एक मोठं तांबूस पोट दिसेल. तो मी. मी एक जुना रांजण आहे. टाळ-मृदंगाचा नाद माझ्या मातीत इतका मुरला आहे, की मी रिकामा असताना कुणी जवळ येऊन ‘रामकृष्णहरी’ म्हटलं, तर माझ्या पोटातून तेच परत येतं. खोटं वाटत असेल तर म्हणून बघा.

आमचं गाव दुधनेच्या काठावर आहे. नदी ओलांडली की झरी. बाजार झरीला, दवाखाना झरीला, परभणीची बस झरीला. आमच्याकडे आहे तो मारुती, कापूस-सोयाबीनची काळी रानं आणि कीर्तनाची अनावर आवड.

माझा जन्म पेडगावकडच्या सिताराम कुंभारांच्या अंगणात झाला. तळ्याची माती, तीत चाळलेली राख आणि बारीक रेती. रांजण एवढा मोठा, की नुसत्या चाकावर तो होत नाही. आत दगडी गोटा धरायचा, बाहेरून लाकडी थापी मारायची, आणि थोपटत थोपटत त्याला वाढवायचं. सितारामांचा हात चालायचा तसं तोंडात भजन चालायचं. प्रत्येक थापेसरशी एक नाम माझ्या अंगात बसलं, असं मला अजून वाटतं. मग आव्यात भाजलो, तांबडा झालो, आणि अंगणात गिऱ्हाइकाची वाट बघत उभा राहिलो.

गिऱ्हाईक आलं ते किशनराव. तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या. देवळातल्या सप्त्यात पखवाज तेच वाजवायचे आणि देवळाची सगळी उस्तवारही तेच करायचे. सप्त्याला पाण्याचा रांजण हवा होता. सितारामांनी मला भरून दाखवलं. थोड्या वेळात माझ्या पोटावर बारीक बारीक थेंब जमू लागले.

किशनरावांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, “सितारामबापू, हा तर पाझरायलाय. गळका माल देवाच्या नावानं खपवता का?”

“गळत न्हाई मालक, घाम येतो त्याला,” सितारामबापू म्हणाले. “जो काम करतो त्याला घाम येतो. बिनघामाचा पाह्यजे असंल तर पितळी हंडा घेऊन जा, अन् तापलेलं पाणी पाजा कीर्तनकाराला.”

किशनराव हसले आणि मला बैलगाडीत पेंढ्यावर बसवून घेऊन आले.

काय दिवस होते ते! चैत्रात हनुमान जयंतीचा सप्ता बसायचा. रोज कीर्तन. मंडपात माणूस मावत नसे. कीर्तनकार बुवांचा आवाज चढला, गजर रंगला, टाळकरी नाचून नाचून घामाघूम झाले, की सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळत. माझ्यात वाळ्याची जुडी सोडलेली असायची. पितळी तांब्या आत जायचा, वर यायचा, आणि पिणारा डोळे मिटून ‘पांडुरंग’ म्हणायचा. मला वाटायचं, कीर्तनाचा अर्धा रंग बुवांचा, अर्धा माझा. अभिमान वाईट हे सगळे बुवा सांगत. पण मातीच्या भांड्याला एवढा चालावा.

पुढे गावात निळ्या जारचं पाणी आलं. फिल्टरचं, बर्फासारखं गार, टेम्पोतून दारात. देवळात कुणीतरी फरशी बसवून दिली. आता माझा घाम फरशीवर उतरू लागला आणि एका सप्त्यात एक टाळकरी त्यावरून घसरून पडले. मंडळी म्हणाली, रांजण काढा. किशनरावांनी मला ढकलत ढकलत देवळाच्या मागच्या ओवरीत नेलं. जाताना माझ्या पोटावर त्यांनी हात फिरवला. मग माझ्यात नारळाच्या करवंट्या पडू लागल्या. एका वर्षी मांजरीनं पिल्लं घातली. मंडपात कीर्तन चालायचं आणि मी भिंतीआडून ऐकायचो. ऐकणं कुणी काढून घेतलं नाही, ही देवाची कृपा.

त्या एकटेपणात मला एक मैत्रीण मिळाली. किशनरावांची नात राजनंदिनी. नऊ वर्षांची, दोन वेण्यांची, चुणचुणीत. तिला सप्त्यात टाळकऱ्यांच्या रांगेत उभं राहून म्हणायचं होतं. पण मोठ्यांसमोर आवाज फुटत नसे. म्हणून ती मागं ओवरीत यायची, करवंट्या बाजूला काढायची, माझ्या तोंडात तोंड घालून गायची आणि स्वतःचा आवाज मोठा होऊन परत आलेला ऐकून खुश व्हायची.

या पोरीला लहानपणीच साखरेची बिमारी लागली होती. मोठ्या माणसांना होते तशी नव्हे, मित्रांनो. तिचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही. ते रोज सुईनं द्यावं लागतं. त्यात खाडा चालत नाही. खाडा झाला की पोर मलूल होते, आणि तसंच चाललं तर तिच्या जिवावर बेततं. तिची आई पंकजा सकाळ-संध्याकाळ सुई द्यायची. वडील गोपीचंद पूर्णेला रेल्वेत कामाला. त्यांनी सगळ्यात आधी घरात फ्रिज आणला, तो दह्या-दुधासाठी नाही, या इन्सुलिनच्या बाटल्यांसाठी. औषध जास्त तापलं की त्याची ताकद जाते.

आता खरी गोष्ट सांगतो.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात दुधनेवरचा जुना पूल पाडायला घेतला. नवा बांधायचा होता. तोवर येण्याजाण्यासाठी नदीच्या पात्रात सिमेंटचे पाइप टाकून, वर मुरूम पसरून एक वळणरस्ता केला. नदी कोरडी होती, कुणाला काही वाटलं नाही. त्याच चैत्रात सप्त्याला योगीराज महाराज आले. महाराजांचं कीर्तन म्हणजे आधी हसवणार, हसून तोंड उघडलं की आत औषध टाकणार.

त्या दिवशी महाराज म्हणाले, “मायबाप, हा महाप्रसाद कवा शिजला?”

“आज सकाळी,” मंडळी म्हणाली.

“अन् गहू कवा दळले? तेल कवा आणलं? सरपण कवा फोडलं?” महाराजांनी टाळकऱ्यांकडं पाहिलं. “मागल्या महिन्यात. बरोबर? देवाचं जेवण आयत्या वक्ताला होत न्हाई. त्याची बेगमी करावी लागती. मग मला सांगा, पूल पाडलाय, वळणरस्ता मुरमाचा हाय, म्होरं पाऊस हाय. घरात ज्यांची रोजची गोळी हाय, त्यांची बेगमी झाली का?”

पुढच्या रांगेतून केशरबाई नावाची म्हातारी बोलली. तिला रक्तदाबाची गोळी होती आणि बोलण्याचं भय नव्हतं. “महाराज, मारुतीराया बघून घेईल की.”

“मावशे, त्यो बघायलाच लागलाय,” महाराज म्हणाले. “रोज सकाळी बघतो, का केशरबाईनं गोळी घेतली का न्हाई. न्हाई घेतली की त्योबी डोक्याला हात लावतो. आता द्रोणागिरी उचलायला लावू नका त्याला दर टायमाला. वय झालंय त्याचंबी.”

सगळा मंडप हसला. भिंतीआड मीसुद्धा घुमलो.

हसणं ओसरल्यावर महाराजांनी आवाज खाली आणला. “पण एक ध्यानात ठेवा. बेगमी वेगळी अन् साठेबाजी वेगळी. डॉक्टर सांगंल तेवढंच आणायचं. दुसऱ्याच्या लेकराच्या वाटणीचं आपल्या घरात दडवलं, तर त्याला भक्ती म्हणत न्हाईत.”

सप्ता उठला आणि गाव कामाला लागलं. कुणाच्या रक्तदाबाच्या गोळ्या, कुणाचा दम्याचा पंप, कुणाची फिटची औषधं. गावच्या आरोग्याचं काम बघणारी आशाताई वैष्णवी घरोघर फिरली. कुणाला काय लागतं ते विचारलं, तारखा बघून घ्यायला सांगितलं, चिठ्ठी घेऊन दवाखान्यात पाठवलं. किशनराव सुनेला आणि नातीला घेऊन परभणीला गेले आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंना म्हणाले, “सालभराचं द्या. फिकीरच नको.” त्यांनी दोन महिन्यांचं लिहून दिलं. जादा ठेवून तारीख उलटली तर काय उपयोग, असं समजावलं. आणि निघताना पंकजाला म्हणाल्या, “लाइट गेली तर माठ, ओली वाळू आणि ओलं फडकं, हे विसरू नका. बर्फात मात्र घालू नका, गोठलं की वाया.” पंकजाच्या डोक्यात हे बसलं. किशनराव तोवर बस बघायला बाहेर गेले होते.

केशरबाईनंही गोळ्या आणल्या बरं का. पण चोर येतील, उंदीर नेतील, सून हरवील, अशी तिला शंका. तिनं त्या कापडात बांधून ज्वारीच्या कणगीत खोल खुपसून ठेवल्या. कुठल्या कणगीत, हे तिला पुढं आठवेना. साऱ्या गल्लीनं मिळून दोन कणग्या उपसल्या तेव्हा पुरचुंडी सापडली. ती म्हणाली, “बघा, उंदराला सापडली का? न्हाई ना?” तेव्हापासून तिच्या गोळ्या ताटाच्या फडताळात दिसतील अशा असतात.

वैशाख लागला. ऊन असं, की पत्र्याखाली उभं राहवेना. आणि एका दुपारी आभाळ काळं झालं. वारा सुटला तो विजेचे खांब आडवे करत सुटला. मग असा अवकाळी कोसळला, की नदीला मे महिन्यात पावसाळ्यासारखं पाणी आलं. मुरमाचा वळणरस्ता त्या पाण्यात साखरेच्या खड्यासारखा विरघळला. पाइप वाहत जाताना लोकांनी काठावर उभं राहून पाहिले. दुसऱ्या अंगाला काळ्या मातीची वाट; तिथं ट्रॅक्टरचं चाक अर्धं रुतलं आणि त्याच्या पलीकडं ओढा तुंबलेला. गावाला दोन्हीकडून कुलूप लागलं.

गोपीचंदांचा पूर्णेहून फोन आला. ते झरीच्या मेडिकलवाल्याशी बोलले होते. त्याचाही फ्रिज बंद, खांब तिकडंही पडलेले, परभणीचा माल अडकलेला. “इकडं यायचा इचारच करू नका,” ते पंकजाला म्हणाले. “घरात हाय तेवढंच जपा. मी रस्ता फुटला की येतो.”

घरात होतं, मित्रांनो. पुरेसं होतं. महाराजांचा शब्द ऐकला होता म्हणून होतं. फक्त आता ते तापू द्यायचं नव्हतं.

पाऊस गेला आणि दुसऱ्या दिवशी ऊन जणू सूड घ्यायला परत आलं. लाइट नाही. फ्रिज आतून कोमट झाला. पंकजा पाण्याला गेली होती तेवढ्यात किशनरावांनी फ्रिज उघडून पाहिला. त्या भल्या माणसानं काय केलं? आयुष्यभर जे केलं तेच केलं. पिकाची पहिली कणसं, लग्नाची पहिली पत्रिका, नातीच्या पाचवीचा करदोटा, जे जे मोलाचं ते आधी मारुतीच्या पायाशी नेलं होतं. तसंच त्यांनी इन्सुलिनच्या बाटल्यांचा डबा उचलला, धोतराच्या सोग्यात झाकला आणि गाभाऱ्यात देवाच्या पायाशी नेऊन ठेवला. म्हणाले, “हे तुझ्याच हवाली. तू राख.”

आमचा गाभारा लहान. वर स्लॅब, दार एवढंसं, आणि आत बारा महिने जळणारा नंदादीप. डबा त्या दिव्याच्या शेजारी होता.

पंकजा घरी आली, फ्रिज रिकामा पाहून तिचा जीव उडाला. सासऱ्यांनी सांगितलं, देवापाशी ठेवलंय, तेव्हा ती जागीच थांबली. सासऱ्याला उलट बोलायची तिला सवय नव्हती. आणि देवापासून काही उचलून आणायचं, म्हणजे काय म्हणायचं लोकांनी? ती वैष्णवीला घेऊन देवळात आली. तिथं किशनराव आधीच उघड्या अंगानं बसून चंदन उगाळत होते. वैशाखात आमच्याकडे मारुतीला दुपारी चंदनाची उटी लावतात. देवाला गारवा मिळावा म्हणून. चार म्हातारी माणसं ओट्यावर बसली होती.

“मामा,” पंकजा हळूच म्हणाली, “डबा तिथून काढावा लागंल.”

“देवाजवळून काढायचं?” किशनराव वर न बघता म्हणाले. “त्याच्यापेक्षा चांगला राखणदार कोणता हाय तुझ्याकडं?”

“मामा, राखणदाराचं न्हाई बोलायले मी. तिथं गरम हाय.”

“देवाजवळ काय गरम, काय गार.” त्यांचा हात सहाणेवर चालूच होता.

तेव्हा आईच्या पाठीमागून राजनंदिनी पुढं आली. जिला रांगेत उभं राहून गाता येत नव्हतं, ती पोरगी आजोबांच्या समोर उभी राहिली. “आज्या, हे चंदन कशाला उगाळायलाव?”

“देवाला उटी लावायला, माय.”

“कशाला?”

“उन्हाळा हाय. गाभारा तापतो. देवाच्या अंगाची लाही व्हती.”

“मग माझ्या औषधाला उटी कोण लावील?”

किशनरावांचा हात थांबला. खोड सहाणेवर तसंच राहिलं. मग ते उठले, गाभाऱ्यात वाकले आणि डबा दोन्ही हातांनी बाहेर घेऊन आले. वैष्णवीनं एकेक बाटली तळहातावर घेऊन पाहिली. दिव्याच्या बाजूच्या दोन बाटल्या चांगल्याच तापल्या होत्या. त्या तिनं बाजूला काढल्या; आता त्यांचा भरवसा नाही म्हणाली. बाकीच्या ठीक होत्या. त्या पुरणार होत्या, जर आजपासून गार राहिल्या तर.

“डॉक्टरीणबाईंनी माठ सांगितला होता,” पंकजा म्हणाली.

पण माठ कुणाच्या घरात होता? फ्रिज आणि जार आल्यापासून गावानं माठ घेणंच सोडलं होतं. एक-दोघांकडचे निघाले ते तडकलेले. तेवढ्यात राजनंदिनी म्हणाली, “रांजण हाय की. मागच्या ओवरीत. माझा.”

‘माझा’ म्हणाली ती. मित्रांनो, हा शब्द मी आव्यातून निघाल्यापासून पहिल्यांदा ऐकला.

किशनरावांनी स्वतः मला बाहेर काढलं. करवंट्या उपसल्या, काथ्यानं आतून बाहेरून घासलं. केशरबाई काठी टेकत आली आणि सूचना करू लागली. “साबण लावू नका त्याला. तोंड बुजंल त्याच्या अंगाचं. माझ्या सासूनं एका माठाला साबण लावला होता, त्यो पुन्हा घामेजला न्हाई. सासू मातर जलमभर घामेजली.”

मला सभामंडपाच्या कडेला, लिंबाच्या सावलीत, जिथून वारा वाहतो तिथं ठेवलं. तळाला आणि कडेनं वाळू भरली, वाळूत पाणी ओतलं. मधे एक छोटं कोरडं मडकं बसवलं, त्यात घट्ट झाकणाच्या डब्यात बाटल्या. वर झाकणी, बाहेरून ओलं सुती लुगडं.

आणि मग सगळे माझ्या पोटाकडं बघत बसले. घाम आला तरच गारवा. आणि मला घाम येईना. वर्षानुवर्षांची धूळ माझ्या रंध्रांत बसलेली. पाणी आत मुरत होतं. बाहेर पोचत नव्हतं. किशनराव लुगडं वर करून बोट फिरवायचे, बोट कोरडं. पुन्हा पाणी. पुन्हा कोरडं. मी आयुष्यात इतकं कधी देवाला आळवलं नव्हतं. म्हटलं, मारुतीराया, मला फरशीवरून हाकललं ते ज्या घामापायी, तोच आज परत दे. पुन्हा काही मागणार नाही. सितारामबापूंची थापी मला आठवत होती, आणि प्रत्येक थापेबरोबरचं नाम.

ऊन कलायला लागलं तेव्हा किशनरावांनी पुन्हा बोट फिरवलं. त्यांनी बोट डोळ्यांसमोर धरलं. मग ते कपाळाला लावलं.

“फुटला,” ते म्हणाले. “घाम फुटला त्याला.”

राजनंदिनीनं माझ्या गळ्याला मिठी मारली आणि तिचा फ्रॉक भिजला.

आता प्रश्न एकच राहिला. लुगडं सारखं ओलं राहायला हवं, वाळू सुकता कामा नये, वारा तापला की जास्त लक्ष. हे एकट्या पंकजाला कसं जमणार? तेव्हा किशनराव म्हणाले, “आपल्याला पहारा काय नवा हाय का?”

सप्त्यात, मित्रांनो, वीणा खाली ठेवत नाहीत. रात्रंदिवस कुणी ना कुणी ती गळ्यात घेऊन उभं असतं, आणि दुसऱ्यानं गळ्यात घेतल्याशिवाय पहिला सोडत नाही. तसाच माझा पहारा बसला. वीणेच्या जागी पितळी तांब्या. ज्याची पाळी तो लुगड्यावर पाणी शिंपडणार, दुसऱ्याच्या हातात तांब्या देणार, मगच घरी जाणार. सप्त्यातला नेम इथंही पाळला. तांब्या हातात असेपर्यंत नाम घ्यायचं, गप्पा नाहीत. तरुण पोरं आली, ऊसतोडीहून नुकती परतलेली माणसं आली. ज्या टाळकऱ्यांचा माझ्या घामावरून पाय घसरला होता, तेही आले आणि माझ्यापुढं बसून म्हणाले, “बाबा, तवा म्या तुला लय बोललो. आता मनावर घेऊ नको, गार राह्य.” केशरबाईला शिंपडणं झेपत नव्हतं, ती नुसती बसून लोकांच्या पाळीवर नजर ठेवायची, ते जास्त कडक होतं.

आणि मी गार राहिलो. बाहेर गाभाऱ्यातला शेंदूर वितळावा असं ऊन, आणि पंकजानं हात घातला की मडकं गारेगार. ती रोज राजनंदिनीच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन यंत्रावर साखर बघायची. पहिल्या दिवशी आकडा बघून तिनं डोळे मिटले आणि मग सासऱ्यांकडं पाहून मान हलवली. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. औषधाची ताकद गेली नव्हती. पोरगी खेळत होती, भांडत होती, आणि संध्याकाळी पहाऱ्यावरच्या माणसाबरोबर नाम म्हणत होती. तिच्या ध्यानातही आलं नाही, की ती आता मोठ्यांसमोर गातेय.

नदी उतरली. काठाकाठानं मुरूम टाकून पहिली वाट झाली, आणि त्या वाटेनं पहिला ट्रॅक्टर आला त्यात गोपीचंद होते, परभणीच्या डॉक्टरीणबाई होत्या, आणि गारवा धरणाऱ्या पेटीत नवं औषध होतं. गोपीचंद देवळाकडं पळत आले. राजनंदिनी तांब्या घेऊन पहाऱ्यावर उभी होती. ती वडिलांना म्हणाली, “पप्पा, थांबा. आधी कुणीतरी तांब्या घ्या, मग येते.”

गोपीचंदांनीच तांब्या घेतला. मग मुलगी त्यांच्या गळ्यात पडली, आणि तो रेल्वेचे रूळ उचलणारा माणूस एका हातात तांब्या सांभाळत रडला.

डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं. मग माझ्याजवळ आल्या, मडक्यात हात घातला आणि तो थोडा वेळ आतच ठेवला. “मी सांगते सगळ्यांना,” त्या म्हणाल्या. “करणारं गाव पहिल्यांदा पाहिलं.”

किशनरावांनी खुंटीवरचा पखवाज काढला. त्याला त्यांनी अशी थाप मारली, की गल्लीतली माणसं हातातलं काम टाकून आली. मला हार घातला, मारुतीभोवती प्रदक्षिणा घालायला चार जणांनी उचललं. पोरंसोरं पुढं, टाळ वाजताहेत, केशरबाई काठी वर करून नाचतेय. एवढे सप्ते ऐकलेला मी. पण माझ्याच नावाचा गजर मी त्या दिवशी ऐकला. कुणी म्हणालं, याला आता चकचकीत ऑइलपेंट देऊ. पंकजा आडवी आली. “रंग न्हाई लावायचा. त्याला अंगानं श्वास घेऊ द्या. लावायचाच तर गळ्याला गेरूचा एक पट्टा लावा.” तो पट्टा तुम्हाला आजही दिसेल.

आता दर वर्षी सप्ता उठला की आमच्याकडे औषधांची बेगमी होते. पेरणीचं बी आणायच्या आधी रोजची गोळी आणतात. वैष्णवी तारखा बघते; जुनं आधी वापरायचं, नवं मागं ठेवायचं. आणि माझ्यासाठी फरशीचा एक तुकडा काढून तिथं वाळूची जागा केली आहे. आता कुणी घसरत नाही.

यंदाच्या सप्त्याला योगीराज महाराज पुन्हा आले. बदललेलं काही त्यांना ठाऊक नव्हतं. टाळकऱ्यांच्या रांगेत राजनंदिनी उभी होती. तिनं चाल उचलली आणि महाराजांनी मान वळवून पाहिलं, हा आवाज कुणाचा. गजर संपला. घाम पुसत महाराज जुन्या सवयीनं माझ्याकडं आले, तांब्या उचलला आणि झाकणीला हात घातला.

“महाराज, तिथलं न्हाई,” सारा मंडप एका आवाजात म्हणाला.

महाराज थांबले. किशनराव उठून जवळ गेले. “जारमधलं घ्या, महाराज. रांजणात नातीचं औषध हाय. परवापासून लाइटीचा भरवसा न्हाई, म्हणून आधीच ठेवलंय. तुमीच सांगितलं होतं.”

महाराजांनी तांब्या खाली ठेवला. दोन्ही हात जोडले, वाकले, आणि कपाळ माझ्या ओल्या पोटाला टेकलं. उठले तेव्हा त्यांच्या कपाळावरच्या बुक्क्यातून माझ्या घामाचा थेंब ओघळत होता. ते म्हणाले, “माझी तहान भागली.”

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाची तरी रोजची गोळी असेल. आजीची असेल, वडिलांची असेल, तुमची स्वतःची असेल. ती संपायच्या आधी आणा, डॉक्टर सांगतील तेवढीच आणा, आणि जिथं ती नीट राहील तिथं ठेवा. देवापुढं हात जोडा, आणि मग तेच हात कामाला लावा. आणि घराच्या मागं माझ्यासारखं एखादं जुनं मातीचं भांडं करवंट्या सांभाळत पडलं असेल, तर त्याला एकदा काथ्यानं घासून सावलीत ठेवून बघा. पाणी भरा. थोडा दम धरा. त्याला घाम फुटेल.